अंतराळ-भयपट व त्याची समीक्षा

अवकाशयान, परग्रह किंवा अंतराळतळ हे घटनास्थळ आणि वैज्ञानिक कल्पित हा आधार घेऊन भयरसाचा परिपोष करणारा चित्रपट म्हणजे अंतराळ-भयपट होय. विज्ञानपट व भयपट या दोन प्रकारांच्या संयोगातून तो सिद्ध झाला. अंतराळात माणसाला जे भेटते ते केवळ दचकविण्यासाठी असते, की त्यातून माणसाविषयी काही सांगितले जाते, या प्रश्नाभोवती त्याच्या समीक्षेचा इतिहास मुख्यत्वे फिरत आला आहे. पश्चिमेत हा प्रश्न एलियन (१९७९) या चित्रपटाच्या निमित्ताने विशेषत्वाने चर्चिला गेला. भारतात या प्रकाराची परंपरा क्षीण असली, तरी नागपूरच्या आरती कडव यांच्या कार्गो (२०१९) या हिंदी चित्रपटाने त्याच प्रश्नाला एक वेगळे उत्तर दिले.

पाश्चात्त्य पार्श्वभूमी : विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात परग्रहावरील राक्षसी प्राण्यांचे अनेक अल्पखर्ची चित्रपट अमेरिकेत निघाले. इट! द टेरर फ्रॉम बियाँड स्पेस (१९५८) हा त्यांपैकी एक. यानात शिरलेला प्राणी प्रवाशांना एकेक करून ठार मारतो, हे त्याचे कथासूत्र एलियनशी मिळतेजुळते आहे. या चित्रपटांकडे समीक्षक घटकाभरच्या करमणुकीपलीकडे फारसे पाहत नसत. रिडली स्कॉट दिग्दर्शित एलियन प्रदर्शित झाला तेव्हा त्याच्या वाट्यालाही प्रारंभी संमिश्र प्रतिसाद आला. त्याचे नेपथ्य आणि स्विस चित्रकार एच. आर. गीगर यांनी कल्पिलेले प्राण्याचे रूप यांची वाखाणणी झाली. परंतु झपाटलेल्या वाड्याची जुनीच गोष्ट अंतराळात नेऊन सांगितली आहे, असा आक्षेपही घेण्यात आला. दृश्य-परिणामांसाठी त्यास १९८० मध्ये ऑस्कर पारितोषिक लाभले.

पुढील काळात या मताची फेरतपासणी झाली. सायन्स फिक्शन स्टडीज या नियतकालिकाने १९८० मध्ये या चित्रपटावर परिसंवाद प्रसिद्ध केला. ‘नोस्ट्रोमो’ या मालवाहू यानावरील सात कर्मचारी वेतन व बोनसविषयी कुरकुर करणारे नोकरदार आहेत, आणि त्यांच्या जीवापेक्षा त्यांच्या कंपनीस तो घातक प्राणी अधिक मोलाचा वाटतो, हे चित्रपटाच्या भयाचे दुसरे मूळ अभ्यासकांनी अधोरेखित केले. बार्बरा क्रीड यांनी १९८६ मधील निबंधात त्यातील मातृत्वविषयक भयप्रतिमांचे मनोविश्लेषणात्मक विवेचन केले. सिगर्नी वीव्हर यांनी साकारलेली रिपली ही नायिका स्त्रीवादी समीक्षेचा कायमचा विषय ठरली. २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या चित्रपटाचा समावेश झाला. ज्या साधेपणास प्रारंभी उणीव मानले गेले, तोच पुढे त्याचा गुण मानला गेला.

भारतीय परंपरा : मराठी वाचकांस अवकाशप्रवास साहित्यातून परिचित होता. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ मधील कथास्पर्धेत जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने पाठविलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेस पारितोषिक मिळाले व मराठी विज्ञानकथेस नवे बळ लाभले. भयकथेची परंपरा नारायण धारप (१९२५–२००८) यांनी समृद्ध केली; त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या. तथापि विज्ञानकथेची चर्चा प्रबोधनाच्या अंगाने, तर भयकथेची रंजनाच्या अंगाने होत राहिली. त्यामुळे दोहोंच्या संयोगाचा विचार करणारी समीक्षा फारशी विकसित झाली नाही.

चित्रपटांत अवकाश हे दीर्घकाळ साहसाचे व चमत्कृतीचे स्थळ राहिले. दारा सिंग यांची भूमिका असलेला चाँद पर चढाई (१९६७) हे त्याचे ठळक उदाहरण. कोई... मिल गया (२००३) मधील परग्रहवासी तर मुलांचा मित्रच होता.

कार्गो : पुष्पक ६३४ए या यानात चित्रपटाची जवळजवळ सर्व कथा घडते. माणसे व राक्षस यांच्यात तह झाला असून मृत व्यक्तींना पुनर्जन्मासाठी सिद्ध करण्याचे काम राक्षसांकडे आहे. यानात येणारा प्रत्येक मृत म्हणजे ‘कार्गो’. त्याच्याजवळच्या वस्तू काढून घ्यावयाच्या, त्याच्या शरीराची दुरुस्ती करावयाची, स्मृती पुसावयाची व त्यास पुढे पाठवावयाचे, असा तेथील नित्यक्रम आहे. अनेक वर्षे एकट्याने हे काम करणाऱ्या प्रहस्थाच्या (विक्रांत मॅसी) मदतीस युविष्का (श्वेता त्रिपाठी) ही तरुण सहायिका येते. पृथ्वीवरून संपर्क ठेवणाऱ्या अधिकाऱ्याची भूमिका नंदू माधव यांनी केली आहे. यानाचे व नायकाचे नाव रामायणातील पुष्पक विमान आणि रावणाचा सेनापती प्रहस्त यांचे स्मरण करून देते.

हा चित्रपट २०१९ च्या मुंबई चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आला. अमेरिकेतील साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवासाठीही त्याची निवड झाली होती. परंतु कोरोनाच्या साथीमुळे २०२० चा तो महोत्सवच रद्द झाला. सप्टेंबर २०२० मध्ये नेटफ्लिक्सवरून तो सर्वत्र पोहोचला. मृत्यू व एकाकीपणा यांवरील हा चित्रपट प्रेक्षकांनी अशा रीतीने साथीच्या दिवसांत, घरात बसून पाहिला. मर्यादित खर्चात उभारलेले यान, त्यातील जुनाट वाटणारी यंत्रसामग्री, मिस्किल संवाद व कल्पनेचे नावीन्य यांची प्रशंसा झाली. उलटपक्षी मंद गती, विरळ नाट्य आणि कल्पनेच्या मानाने तोकडी पडणारी भावनिक खोली हे दोष दाखविण्यात आले.

मूल्यमापन : मंद गतीविषयीचा आक्षेप काही अंशी ग्राह्य आहे; मात्र संकट, पाठलाग व सुटका या पाश्चात्त्य अवकाशपटाच्या अपेक्षा येथे लावल्यास चित्रपटाचे वैशिष्ट्य निसटते. एलियनमध्ये राक्षसी प्राणी यानाबाहेरून येतो व मृत्यू हा कथेचा शेवट असतो. कार्गोमध्ये राक्षस हाच यानाचा कर्मचारी आहे आणि मृत्यू हा त्याच्या दैनंदिन कामाचा प्रारंभ आहे. पुनर्जन्माची कल्पना ज्या समाजात रूढ आहे, तेथे मरणाचे भय विनाशाइतकेच विस्मरणाचेही असते. आयुष्यभराच्या आठवणी क्षणात पुसल्या जाणे आणि त्या पुसणाऱ्यास त्याची सवय होऊन जाणे, हे या चित्रपटातील खरे भीतिदायक सत्य होय. येथे दोन्ही चित्रपट एकमेकांजवळ येतात. माणसाला ‘माल’ म्हणून हाताळणारी व्यवस्था दोहोंतही आहे. पहिल्यात ती क्रूर आहे, दुसऱ्यात सौम्य व कार्यतत्पर. एलियनचे पुनर्मूल्यांकन त्यातील प्राण्यावरून नजर हटवून व्यवस्थेकडे पाहिल्यामुळे शक्य झाले. भारतीय अवकाशपटाच्या समीक्षेसही तोच मार्ग अधिक फलदायी ठरेल. [⟶ भयकथा, विज्ञानकथा].