मूळ चित्र कोणते?

परभणीच्या माणसाला वस्तुसंग्रहालय म्हटले की दोन शहरे आठवतात : हैदराबाद आणि मुंबई. १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. त्यामुळे दोन्ही शहरांशी आपले जाणे-येणे. हैदराबादेस सालारजंगांचा संग्रह १९५१ साली लोकांसाठी खुला झाला. मुंबईच्या संग्रहालयाची दारे १९२२ साली उघडली. सर रतन टाटा व सर दोराब टाटा यांनी हौसेने जमविलेल्या वस्तू तेथे आहेत. दोन्ही ठिकाणी जपानी कलेचे दालन आहे. अशा दालनांतून किंवा प्रदर्शनांतून जपानची ठशांची चित्रे पाहताना आमच्या मनात नेहमी एक साधा प्रश्न येतो : यांतले मूळ चित्र कोणते?

ही चित्रे होत कशी, ते आधी पाहू. चित्रकार पातळ कागदावर शाईने आकृती रेखाटी. तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवीत आणि कोरणारा कारागीर रेषा तेवढ्या उभ्या ठेवून बाकीचे लाकूड काढून टाकी. या कोरणीत चित्रकाराच्या हातचा कागद नष्टच होई. पुढे प्रत्येक रंगासाठी निराळी फळी. रंग जागच्या जागी बसावेत म्हणून फळीच्या कडेला खुणेची खाच. कागद तिला टेकवावयाचा आणि पाठीमागून हाताने घासावयाचा. चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि पैसा घालणारा प्रकाशक असे चौघे मिळून एक चित्र. १७६५ च्या सुमारास हारुनोबू याने अनेक रंगांची ठसेचित्रे लोकप्रिय केली. होकुसाईची प्रसिद्ध लाट १८३१ च्या सुमाराची. दुकानात स्वस्तात विकली जाणारी ही वस्तू. ती लाट आज लंडनला आहे, न्यूयॉर्कला आहे, आणखीही कित्येक ठिकाणी आहे. त्यांतली कोणतीही एक मूळ नाही, आणि खोटीही एकही नाही. मूळ कागद ठसा कोरतानाच गेला; चित्र मात्र अनेक हातांत पडून वाचले.

आता याच धाग्याने आपल्या मराठवाड्यात येऊ. तोक्योहून १८८९ पासून ‘कोक्का’ नावाचे कलाविषयक नियतकालिक निघू लागले. जुनी चित्रे देवळांतून व धनिकांच्या घरांतून बंद पडलेली. त्यांच्या रंगीत प्रतिकृती लाकडी ठशांनी छापून ते वाचकांपुढे ठेवी. या कामासाठी जुन्या चित्रांच्या प्रती काढणाऱ्यांत अराई काम्पो नावाचा चित्रकार होता. १९१६ साली तो रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून कलकत्त्यास आला आणि १९१७-१८ च्या हिवाळ्यात सोबत्यांसह अजिंठ्यास जाऊन लेण्यांतील चित्रांच्या प्रती काढीत बसला. परभणी ज्या राज्यात, त्याच राज्यात तेव्हा अजिंठा. आम्ही जपानी चित्रे पाहावयास दूर जातो. जपानी चित्रकार त्याआधीच आमच्या दारी येऊन गेले होते.

त्या प्रतींचे पुढे काय झाले? त्या तोक्योच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतर जी आग लागली, तीत त्या जळाल्या. अजिंठ्याच्या प्रतींना जणू आगीचा शापच. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे खपून काढलेल्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली मुंबईच्या कलाशाळेने केलेल्यांपैकी पुष्कळशा १८८५ साली लंडनलाच गेल्या. तीनदा प्रती जळाल्या, मूळ भिंती मात्र उभ्या आहेत.

यावरून कोणी म्हणेल, मूळ टिकले की झाले, प्रतीचे काय मोठेसे! त्याने जपानातील नारा शहराजवळच्या होर्युजी मंदिराची हकीकत ऐकावी. तेथील भित्तिचित्रांची अजिंठ्याशी तुलना पंडित पूर्वीपासून करीत आले. १९४० साली त्यांच्या प्रती काढण्यास आरंभ झाला, आणि त्या चित्रकारांत अराई काम्पो पुन्हा होता. काम पुरे होण्याआधीच १९४५ साली तो वारला. प्रतींचे काम चालू असतानाच २६ जानेवारी १९४९ रोजी मंदिराला आग लागली आणि भिंतींवरचे रंग करपून गेले. या वेळी मूळ गेले आणि प्रती उरल्या. त्या प्रती व १९३५ साली घेतलेली छायाचित्रे यांच्या आधारे नव्याने रंगविलेली चित्रे १९६८ साली त्या जागी बसली. जपानने रडत न बसता १९५० साली सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला. आम्ही ज्या दिवशी प्रजासत्ताक दिन साजरा करतो, त्याच दिवशी तेथे जुन्या वास्तूंना आगीपासून वाचविण्याची तालीम होते.

मूळ कधी जाईल आणि प्रत कधी जाईल, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून दोन्ही सांभाळावयाची. अजिंठ्याच्या भिंतीसुद्धा जशाच्या तशा राहिल्या नाहीत. रंग उठून दिसावेत म्हणून चढविलेले व्हार्निश पुढे पिवळे पडले, कोठे पोपडे सुटले. जळालेल्या प्रती आज हाती असत्या, तर त्या काळी भिंतीवर काय दिसत होते ते कळले असते.

श्रोतेहो, आता आपल्या घराकडे वळू. पुण्याच्या चित्रशाळेने १८७८ पासून आणि रविवर्म्याच्या छापखान्याने १८९४ पासून शिळेवर छापलेल्या रंगीत तसबिरी घरोघर नेल्या. जपानच्या ठसेचित्रांसारखीच ही स्वस्त, सर्वांच्या घरची कला. पण जे सर्वांकडे असते, ते जपण्याची जबाबदारी कोणालाच आपली वाटत नाही. वाडा पाडला की तसबीर अडगळीत जाते. देवळाचा जीर्णोद्धार निघाला की जुन्या चित्रावर ऑइलपेंटचा हात फिरतो. त्यात वाईट हेतू नसतो. पण ज्याची दुसरी प्रत नाही असे काहीतरी त्या दिवशी कायमचे जाते.

अराईला भिंतीपुढे महिनोन् महिने बसावे लागले. आज खिशातल्या फोनने ते काम घटकेत होते. गंगाखेड, पाथरी, जिंतूर, सेलू, जेथे म्हणून जुनी भिंत रंगवावयाची असेल, तेथे आधी तिचे छायाचित्र घ्यावे. गाव, जागा, तारीख लिहावी, आणि एक प्रत घरी, एक वाचनालयात, एक परगावी ठेवावी. रंगाचा डबा उघडण्यापूर्वी एवढे केले, तरी पुढच्या पिढीला विचारता तरी येईल, मूळ चित्र कोणते?