एका वाक्यातील चित्रकथा

पटकथेचे सार एकाच वाक्यात सांगणाऱ्या मजकुरास चित्रपट-व्यवसायात ‘लॉगलाइन’ म्हणतात. या वाक्याने केवळ विषय सांगून भागत नाही. कोणाची इच्छा कशाशी झुंजते, हे त्यातून कळावे लागते.

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ (१८९९) हे नाटक आणि ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांतारामबापूंनी ‘प्रभात’साठी काढलेला ‘कुंकू’ (१९३७) हा चित्रपट, या दोहोंचा विषय जरठ-कुमारी विवाह हाच. सूत्रे मात्र सर्वस्वी भिन्न आहेत. ‘शारदे’चे सूत्र असे : द्रव्यलोभी कांचनभट मुलीस वृद्ध भुजंगनाथास देऊ पाहतो व कोदंड ते लग्न मोडतो. ‘कुंकवा’चे सूत्र : फसवून वृद्ध वकिलाशी लग्न लावलेली नीरा त्याची पत्नी होण्यास नकार देते.

पहिल्या वाक्यात मुलगी कर्म आहे. दुसऱ्यात ती कर्ता झाली. अडतीस वर्षांचे हे अंतर व्याकरणानेच मोजून दिले. हिंदी आवृत्तीचे ‘दुनिया न माने’ हे नाव तर तिच्यासमोरील अडसरच सांगून जाते. तेव्हा सूत्रवाक्य लिहू पाहणाऱ्याने विशेषणे मागाहून शोधावीत. आधी वाक्याचा कर्ता ठरवावा, हेच बरे.