सोनं होतं, पण कुठलं? ब्रे-एक्स घोटाळ्यातून संशोधकाने काय घ्यावं

सोन्याच्या खाणीत पैसे घालून कुणी बुडालं की आपण पटकन म्हणतो, हाव नडली. पण हाव तर सगळ्यांनाच असते. मग नवखा माणूस नेमका कुठे चुकतो? ब्रे-एक्स या कॅनडियन कंपनीचं प्रकरण बघितलं तर याचं उत्तर पुरावा तपासण्याच्या पद्धतीत सापडतं. म्हणूनच आज त्याबद्दल लिहितोय.

कॅलगरीतल्या या छोट्या कंपनीने १९९३ मध्ये इंडोनेशियात, बोर्निओ बेटावरच्या बुसांग इथे शोध सुरू केला. सोन्याचा अंदाज वाढतच गेला. १९९५ मध्ये ३ कोटी औंस, १९९७ च्या सुरुवातीला ७ कोटी! काही सेंटना मिळणारा शेअर, विभाजन हिशोबात धरलं तर, २८० डॉलरच्या वर पोचला.

आता पद्धत बघूया. जमिनीत ड्रिल करून खडकाचा लांब दंडगोल बाहेर काढतात. एरवी तो उभा चिरतात. अर्धा प्रयोगशाळेत जातो, अर्धा जपून ठेवतात, म्हणजे शंका आली तर पुन्हा तपासता येतं. बुसांगला मात्र जवळजवळ सगळाच खडक चाचणीला जायचा. कारण काय दिलं? इथलं सोनं एकसारखं पसरलेलं नाही, म्हणून मोठा नमुना घेतलेला बरा. ऐकायला अगदी शास्त्रीय! पण फेरतपासणीला काही उरलंच नाही. आणि प्रयोगशाळेत पोचण्याआधीच त्या नमुन्यांत बाहेरचं सोनं मिसळलं जात होतं. खाणीच्या धंद्यात याला ‘सॉल्टिंग’ म्हणतात. प्रयोगशाळेने मोजमाप बरोबरच केलं, नमुनाच खोटा होता.

पुढे त्याच आकड्यांवरून सल्लागार कंपनीने साठ्याचा अंदाज काढला, त्यावरून ब्रोकरांच्या विश्लेषकांनी शिफारशी केल्या, त्यावरून बातम्या आल्या. नवख्या गुंतवणूकदाराला वाटलं, एवढे सगळे सांगतायत म्हणजे खरंच असणार. त्याने साक्षीदार मोजले. ते सगळे एकाच पिशवीकडे बोट दाखवतायत, हे त्याच्या लक्षात आलं नाही. कॅनडातले मोठे पेन्शन फंडसुद्धा यात पोळले, म्हणजे नुसता अनुभवही पुरत नाही.

बिंग फुटलं ते कुणीतरी स्वतः खणल्यावर. भागीदारीआधीची तपासणी म्हणून फ्रीपोर्ट-मॅकमोरान कंपनीने जुन्या भोकांच्या शेजारीच नवी भोकं पाडली. सोनं नगण्य! १९ मार्च १९९७ ला ब्रे-एक्सचे भूवैज्ञानिक मायकेल डी गुझमान हेलिकॉप्टरमधून पडून मरण पावले. २६ मार्चला फ्रीपोर्टचा निष्कर्ष जाहीर झाला. मे महिन्यात स्ट्रॅथकोना या स्वतंत्र संस्थेच्या अहवालाने नमुन्यांतली भेसळ उघड केली. कणांच्या गोल झालेल्या कडा नदीच्या वाळूतल्या सोन्याशी जुळत होत्या. पुढे २००१ पासून कॅनडात पात्र तज्ज्ञाने माहिती पडताळून अहवाल देण्याचे नियम लागू झाले.

तुम्ही उद्या साहित्य-आढावा लिहायला बसाल तेव्हा एकाच दाव्याला वीस संदर्भ मिळतील. ते प्रत्येक संदर्भ मागे मागे जाऊन बघा. वीसपैकी स्वतंत्र मोजमाप कितीजणांनी केलंय? आणि मूळ नमुन्याचा दुसरा अर्धा भाग कुणी जपून ठेवलाय का?