गिरडचे दगड आणि वर्ध्याची काळी माती

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात गिरड हे गाव आहे. तेथील टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा असून हिंदू आणि मुसलमान दोघेही तेथे श्रद्धेने जातात. याच टेकडीवर फळांसारखे गोलसर खडे विखुरलेले आढळतात. आजचा धागा या खड्यांपासून निघून कापसाच्या पेठेपर्यंत जाणार आहे.

आख्यायिका अशी: दोन फिरस्त्या व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांचा सारा माल दगड झाला. ते शरण आले, तेव्हा फकिराने वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. व्यापारी मात्र पुढे गेलेच नाहीत. आयुष्यभर त्याच्या सेवेत राहिले. ब्रिटिश काळातील गॅझेटियरकारांनी ही कथा नोंदवली आणि सोबत खड्यांचे खनिजशास्त्रीय नावही दिले: झिओलाइट.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. थिजणाऱ्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजे साठवली. ऊनपावसाने भोवतालचा बेसॉल्ट कुजत गेला आणि पोकळीत घडलेले गोळे मागे उरले. गिरडचा ‘माल’ तो हाच.

मग कुजलेल्या बेसॉल्टचे काय झाले? त्याचीच काळी माती झाली. बेसॉल्टमधील खनिजांवर पाण्याची रासायनिक क्रिया होऊन जी चिकणमाती बनते, ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. म्हणूनच उन्हाळ्यात वर्ध्याच्या शेतांना हात जाईल एवढ्या भेगा पडतात. (फकिराच्या दुसऱ्या चमत्काराकडेही लक्ष द्यावे. झिजलेल्या खडकात पालापाचोळा कुजल्यावाचून सुपीक माती होत नाही.)

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६२ मध्ये नागपूरपासून तोडून वर्धा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. वर्ध्याची जमाबंदी करणारे रिव्हेट-कार्नॅक हेच पुढे मध्य प्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त झाले. सारा आणि कापूस किती जवळ आले होते, हे या एका नेमणुकीवरून कळते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या जमाबंदीत मातीच्या प्रती ठरल्या: काळी, मोरंड, खरडी, बरडी. काळी सर्वांत खोल. मोरंड तिच्याखालोखाल, चुनखडीचे खडे असलेली. खरडी उथळ. बरडी म्हणजे खडकावर जेमतेम पसरलेली मुरमाड जमीन. ही नावे शेतकऱ्यांचीच. सरकारने ती दप्तरात घेतली आणि त्यांवर साऱ्याचे गणित बसवले.

मला या वर्गवारीत एक मोठी उणीव दिसते. या चार माती मुळात वेगळ्या नाहीत. खडक बहुतेक ठिकाणी तोच. फरक पडतो तो उताराने. आर्वी, आष्टी, कारंजाच्या डोंगराळ भागात माती फार काळ टिकत नाही, पाणी तिला खाली नेते. हिंगणघाटच्या सखल भागात ती साचते. एकाची धूप ती दुसऱ्याची काळी. दप्तराने मात्र प्रत्येक शेताला एक नाव देऊन माती जागच्या जागी थांबवली. प्रत्यक्षात ती चालतच होती, आणि कापसाने तिची चाल वाढवली.

कापूस मृगाच्या सुमारास पेरतात. तासांमध्ये अंतर ठेवावे लागते आणि तण वाढू नये म्हणून डवरे फिरवावे लागतात. परिणामी ऐन पावसाच्या माऱ्यात तासांमधली जमीन उघडी राहते. त्यातच फुगलेल्या काळ्या मातीत भेगा मिटतात, पाणी मुरेनासे होते आणि वरचा थर घेऊन ते नाल्याला मिळते. सपाट शेतात हे निभावते. उतारावर गवत किंवा झाडोरा काढून कापूस लावला, की काही पिढ्यांत खरडीची बरडी होते. सेंटीमीटरभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. पहिल्या जमाबंदीची मुदत तीस वर्षांची होती.

शेतकऱ्याला हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. धुरे राखणे, उताराला आडवे वखरणे, बांधावर गवत वाढू देणे ही जुनीच रीत आहे. पण सारा आणि सावकार दोघांनाही रोख रक्कम हवी असे, आणि रोख देणारे पीक कापूसच होते. धुऱ्यावरचे गवत कोणत्याही पेठेत त्या भावाने विकले जात नव्हते.

आर्वी तालुक्यातील काकडदरा या कोलामांच्या गावाला २०१७ मध्ये पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत पहिला पुरस्कार मिळाला. बातम्यांत त्याची चर्चा पाण्याच्या अंगाने झाली. पण उतारावर खणलेल्या समतल चरांत पावसाळ्यानंतर पाहावे: पाणी मुरून गेलेले असते आणि तळाशी गाळ उरलेला असतो. एरवी तो वर्धा नदीला मिळाला असता.