नाचणाऱ्या जाहिराती आणि उचंत खाते

नाचाचे आणि माझे कधी जमले नाही. मित्रांच्या वरातीत मी नेहमी जनरेटरच्या गाडीबरोबर चालत आलो. त्यामुळे कुणी नाचत असले की मी आदराने बाजूला होतो. राग आहे तो एकाच नाचणारीचा, आणि ती म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर नाचणारी जाहिरात. वरातीत नाचणारा स्वतःचा घाम गाळतो. ही बया स्वतः थंड राहून तुमच्या मशीनला घाम फोडते. हा फरक समजायला मला वाणिज्य शाखेची पदवी पुरली नाही. त्यासाठी चिखलीच्या एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजावे लागले.

आमच्या बुलडाणा जिल्ह्याला जाहिरात काही नवी नव्हे. दवंडी पिटणारा डफडे वाजवी, तो स्वतःच्या हाताने. बाजाराच्या दिवशी सिनेमाचे पोस्टर लावलेली रिक्षा गावभर फिरे, ती स्वतःच्या इंधनावर. टॉकीजमध्ये पिक्चरच्या आधी साड्यांच्या दुकानाच्या काचेच्या स्लाइड दाखवीत, पण दिव्याचा खर्च टॉकीजवाल्याचा आणि त्याचे पैसे दुकानदाराकडून वसूल. भिंतीवर खताची जाहिरात रंगवली तर घरमालकाची भिंत फुकटात रंगून निघे. वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर जाहिरातीचा खर्च जाहिरातदाराच्या नावे पडे आणि आपण फक्त बघत असू. हा सरळ हिशेब पुढे कधी, कुठे आणि कसा फिरला, तेच आज सांगायचे आहे.

साल २००८. माझे वय सत्तावीस वर्षे अकरा महिने. एका बँकेत लिपिकांची भरती निघाली होती आणि वयाची अट होती अठ्ठावीस. म्हणजे हा फॉर्म हुकला तर मामांच्या खताच्या दुकानात आयुष्यभर वह्या लिहिणे, एवढेच माझ्या नशिबी होते. मामांचा तसा आग्रहही होता. फॉर्म फक्त इंटरनेटवर भरायचा, शेवटची तारीख आजची, आणि सहा वाजता भारनियमनाची लाइट जायची. मी साडेचारला कॅफेत जाऊन बसलो. दीड तासात माणूस आपले नाव, पत्ता आणि वडिलांचा व्यवसाय नक्की लिहू शकतो, असा माझा अंदाज होता.

नोकऱ्यांची माहिती देणाऱ्या एका संकेतस्थळावरून मी फॉर्म उघडला. फॉर्म नव्या खिडकीत आला आणि जुनी खिडकी मागे राहिली. आता मी ‘बु’ टाइप करावा आणि तो उमटेपर्यंत बुलडाण्याहून एसटी निघून चिखलीला यावी, असे सुरू झाले. माउसचा बाण अर्ध्या वाटेत थांबून विचार करू लागला. मागच्या खिडकीत पाहतो तो तीन जाहिराती अंगात आल्यासारख्या घुमत होत्या. एकीत नाणी पडत होती, दुसरीत एक वधू मान हलवीत होती आणि तिसरी मला दहा लाखावा पाहुणा म्हणून बक्षीस द्यायला निघाली होती.

मी कॅफेमालकाला हाक मारली. ते आले, त्यांनी डोके खाजवले आणि खिशातून एका पानाच्या दुकानाची पावती काढून ती त्या वधूवर चिकटवली. “घ्या भाऊ, झाकून टाकली. आता नाय त्रास देत.”

वाचकहो, हसू नका. आपण सगळेच संकटाचा निपटारा असाच करतो. पण डोळ्याआड गेलेली वधू मशीनच्या आड गेलेली नव्हती. पावतीखाली ती मान हलवीतच होती आणि प्रत्येक हलण्याचा हिशेब मशीन इमानदारीने करीतच होते. ते का, हे कळायला थोडे मागे जावे लागेल.

संकेतस्थळांवरची पहिली पट्टीवजा जाहिरात आली ती २७ ऑक्टोबर १९९४ रोजी, अमेरिकेतल्या ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर. ‘एटी अँड टी’ ही टेलिफोन कंपनी तिथल्या पहिल्या जाहिरातदारांपैकी. ती पट्टी बिचारी सभ्य होती. एका जागी उभी राहायची, भिंतीवरच्या खताच्या जाहिरातीसारखी. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे आपल्या दारात इंटरनेट आले तेव्हा जाहिरात आधीच ओट्यावर येऊन बसलेली होती.

तिला हलायला शिकवले ते ‘गिफ’ नावाच्या चित्रप्रकाराने. हा १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह कंपनीने काढला आणि १९८९ च्या सुधारणेत एकामागून एक चित्रे ठराविक अंतराने दाखवायची सोय त्यात झाली. १९९५-९६ च्या सुमारास नेटस्केपने तीच चित्रे पुन्हा पुन्हा फिरवायची युक्ती आणली आणि पडद्यावर लुकलुकणे सुरू झाले. पण गिफचा नाच म्हणजे आमच्या जत्रेतला चित्रांचा डबा. चित्रे आधीच तयार, रंग जास्तीत जास्त २५६, मशीनने फक्त पाने उलटायची. फार झाले तर एस्केपची कळ दाबावी, की जुन्या ब्राउझरांत ते मुकाट्याने थांबत असे. इतकी आज्ञाधारक जाहिरात पुन्हा झाली नाही.

खरा नाच आणला तो ‘फ्लॅश’ने. जोनाथन गे नावाच्या अमेरिकन माणसाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ‘फ्यूचरस्प्लॅश’ हे साधन काढले. ते वर्ष संपता संपता मॅक्रोमीडिया कंपनीने ते विकत घेतले आणि त्याचे नाव ‘फ्लॅश’ झाले. २००५ मध्ये मॅक्रोमीडियाच अॅडोबीने घेतली. फ्लॅशची करामत अशी, की तो तयार चित्रे न पाठवता चित्र कसे काढायचे याच्या सूचना पाठवी. त्यामुळे फाइल लहान आणि टेलिफोनच्या तारेवरूनही पटकन यायची. पण चित्र प्रत्यक्षात काढायचे कुणी? तुमच्या मशीनने! सेकंदाला बारा वेळा, कधी चोवीस वेळा, प्रत्येक रेघ नव्याने आखायची, रंग भरायचा आणि पुसायचा. त्यात वधूचा पदर अर्धपारदर्शक असला तर खालचे सगळे पुन्हा मोजायचे. पाहुणा रिकाम्या हाताने आला, याचे कौतुक दारात झाले. आत येऊन तो पुरणपोळीची फर्माईश करणार, हे कुणी पाहिलेच नाही.

म्हणजे हिशेब फिरला तो इथे. नाच जाहिरातदाराचा, पण मशीन, वीज आणि वेळ बघणाऱ्याचा. जाहिरात तयार करणाऱ्याच्या टेबलावर नवे कोरे मशीन असे, त्यावर ती वाऱ्यासारखी पळे. चिखलीच्या मशीनचा विचार त्याने कशाला करावा? ज्याला खर्च करावा लागत नाही तो काटकसर करीत नाही, हा धडा आम्हाला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होता.

खिडक्यांमागून खिडक्या फेकणाऱ्या जाहिरातींचे मूळही त्याच दशकातले. ‘ट्रायपॉड’ या संकेतस्थळासाठी काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी ती क्लृप्ती काढली. एका मोटार कंपनीची जाहिरात भलत्याच मजकुराच्या पानावर झळकली आणि कंपनी रागावली, म्हणून जाहिरात वेगळ्या खिडकीत काढली. म्हणजे हेतू सोवळ्याचा होता. २०१४ मध्ये त्यांनी याबद्दल जाहीर दिलगिरीही व्यक्त केली. मी ती स्वीकारली आहे. मामांनी स्वीकारली असती की नाही, सांगता येत नाही.

तर इकडे कॅफेत पाच पस्तीस झाले. मालकांची पुतणी बी.सी.ए. शिकत होती, ती क्लासहून आली. तिने पावतीकडे पाहिले, काकांकडे पाहिले आणि तीन कळा एकदम दाबून मशीनचा हजेरीपट उघडला. त्यात ब्राउझरच्या नावापुढे ९९ आकडा होता. म्हणजे मशीनची शंभरातली नव्व्याण्णव टक्के ताकद एकटा ब्राउझर खात होता.

“बंद कर त्याले!” काका म्हणाले आणि त्यांनी माउसला हात घातला.

“थांबा काका!” ती ओरडली. “दोन्ही खिडक्या एकाच्याच पोटात हायेत. याले मारलं तर दादाचा फॉर्म बी मरून जाईन.”

माझ्या छातीत धस्स झाले. फॉर्मची तीन पाने भरून झाली होती. तिने मागची खिडकी हळूच पुढे आणली, वधूच्या कपाळावरची पावती काढली आणि कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून दोन मिनिटे हात जोडून बसली. खिडकी गेली. हजेरीपटातला ९९ चा ४ झाला. आणि मी मघापासून टाइप केलेली अक्षरे, स्टँडवर अडकलेल्या प्रवाशांसारखी, एकदम धडाधड पडद्यावर उतरली.

सहाला लाइट गेली. यूपीएस टीं टीं करू लागले. त्या टीं टींमध्ये मी शेवटचे बटण दाबले आणि अर्जाचा क्रमांक हातावर लिहून घेतला. नंतर तिने ब्राउझरच्या जोडसाधनांच्या यादीत जाऊन फ्लॅशचे नाव शोधले आणि ते कायमचे बंद करून टाकले. यूपीएसने मान टाकली ती त्यानंतर.

जगाला हे करायला आणखी बारा वर्षे लागली. अॅपलच्या आयफोनने २००७ पासूनच फ्लॅशला घरात घेतले नव्हते. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून त्याची कारणे सांगितली, त्यात बॅटरी खाणे हेही एक होते. सप्टेंबर २०१५ पासून गूगलचा क्रोम ब्राउझर पानावरचे बिनमहत्त्वाचे फ्लॅश आपणहून थांबवू लागला. ३१ डिसेंबर २०२० ला अॅडोबीने फ्लॅशला निरोप दिला आणि १२ जानेवारी २०२१ पासून तो चालेनासाच झाला.

पण नाचणारी मेली म्हणून नाच थांबतो होय? तिने दुसरा शालू नेसला. फ्लॅशची जागा पानाच्याच भाषेतल्या चलच्चित्रांनी आणि व्हिडिओंनी घेतली. काही जाहिराती तर पाहणाऱ्याच्या मशीनवर गुपचूप आभासी चलनाची खाण खणताना २०१८ मध्ये सापडल्या. शेवटी २०२० साली क्रोमने चक्क मर्यादा घातली. जाहिरातीने ४ मेगाबाइटहून जास्त डेटा ओढला, किंवा कुठल्याही ३० सेकंदांत मशीनची १५ सेकंदे खाल्ली, किंवा एकूण ६० सेकंदे खाल्ली, आणि तुम्ही तिला हातही लावलेला नसला, तर तिला पानावरून काढून टाकायचे. त्या वेळी गूगलने आकडे दिले. अशा जाहिराती फक्त ०.३ टक्के, पण जाहिरातींसाठी लागणाऱ्या डेटापैकी २७ टक्के आणि मशीनच्या श्रमांपैकी २८ टक्के त्याच खात होत्या. हजारात तीन! आम्हा बँकवाल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. कर्जखात्यांतही गंमत हीच असते.

आजही आमच्या काउंटरवर शेतकरी येतात आणि म्हणतात, “साहेब, नेटपॅक कालच मारला, अन् आज संपला. म्या तं फक्त हवामान पाह्यलं.” मी त्यांच्या मोबाइलकडे पाहतो. पावसाच्या आकड्याभोवती चार बाजूंनी कुणीतरी नाचत असते. मागे राहिलेली पाने मी एकेक बंद करून देतो आणि व्हिडिओ आपोआप चालण्याची सोय काढून टाकतो. रांगेतली मंडळी ‘व्यवहार सुरू करा’ म्हणून ओरडतात, तरी करतो. कारण मी आज काउंटरच्या या बाजूला बसलो आहे तो एका फुलीमुळे.

राहता राहिला हिशेब. त्या दिवशी कॅफेचे दीड तासाचे तीस रुपये झाले. त्यातला तासभर मी वधूची मान पाहिली, म्हणजे वीस रुपये. मालकांनी ते सोडले नाहीत आणि त्यांचेही बरोबरच होते. मशीन त्यांचे तापले होते. ते वीस रुपये कुणाच्या नावे टाकावेत? जाहिरातदाराच्या, फ्लॅशवाल्याच्या, संकेतस्थळाच्या, की माझ्या हौसेच्या? ज्या रकमेचे खाते सापडत नाही ती आम्ही बँकेत उचंत खात्यात टाकतो. तिथे नोंद फार दिवस पडून राहिलेली ऑडिटरला खपत नाही. पण माझे ते वीस रुपये अजून तिथेच आहेत.