शुश्रूषेचा खर्च कोणाच्या खात्यावर?



घरातले माणूस अंथरुणाला खिळले म्हणजे त्याचा खर्च ज्याचा त्याने पाहावा, ही आपली जुनी समजूत. या समजुतीला ज्यांनी पहिले धक्के दिले, त्यांतला एक माणूस आपल्या ठाण्याचा होता. नारायण मेघाजी लोखंडे १८४८ साली ठाण्यात जन्मले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना आठवते. पण कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज करावी, हीही मागणी त्यात होती.

तिला फळ यायला दोन पिढ्या गेल्या. १९२३ साली नुकसानभरपाईचा कायदा झाला, १९४८ साली कामगार राज्य विम्याचा. २०१९ च्या जुलैपासून विमेदार कामगार शंभर रुपये पगारामागे पाऊण रुपया देतो, मालक सव्वातीन. वागळे इस्टेटमधला असो वा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतला, त्याला व त्याच्या कुटुंबाला औषधोपचार मिळतो तो दुखणे पाहून, पगार पाहून नव्हे. अर्थात पगाराची मर्यादा ओलांडली की तो योजनेबाहेर. २०१७ साली ती महिना २१,००० रुपये ठरली.

प्राप्तिकराने निराळी वाट धरली. १९६१ च्या कायद्यातल्या ८०-डीडी कलमाने अपंग आश्रिताच्या उपचारासाठी उत्पन्नातून वजावट दिली, आणि त्या उपचारात शुश्रूषाही स्पष्ट शब्दांत धरली. २०१५-१६ पासून ही वजावट ७५,००० रुपये होती. अपंगत्व तीव्र असल्यास १,२५,०००. हेतू चांगला, पण हिशेब पाहा. तीस टक्के कर भरणाऱ्याचे ७५,००० वर साडेबावीस हजार वाचत. पाच टक्केवाल्याचे पावणेचार हजार. ज्याची कमाई करापर्यंत पोचतच नाही, त्याचे काहीच नाही. दुखणे तिघांच्या घरी सारखेच!

आणि आश्रित कोण? नवरा-बायको, मुले, आईबाप, भावंडे. त्यात सासू नाही. कल्याणहून सकाळची लोकल धरणारी सून अपंग सासूजवळ पगारी बाई ठेवते. तो खर्च तिच्या नावावर बसत नसे. उलट २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने स्त्री-कामगाराच्या आश्रित सासू-सासऱ्यांना कुटुंबात घेतले. त्याच वर्षी कमी दरांची नवी करपद्धती आली. तिच्यात ही वजावटच नाही. आणि जी नोकरी सोडून घरीच शुश्रूषा करते, तिच्या बुडालेल्या पगाराची नोंद कोणत्याच वहीत नाही.

वजावट वाईट असे मी म्हणत नाही. मिळते त्याने जरूर घ्यावी. पण ती कर भरणाऱ्याला मिळालेली सूट आहे. आजाऱ्याचा हक्क नव्हे. लोखंड्यांनी मागितला तो हक्क. कामगार असो वा कारकून, सुनेची सासू असो वा मुलाची आई, शुश्रूषेची सोय गरजेच्या मापाने मिळावी, ही मागणी आपण पुरी करून घ्यायची आहे.