पॉपी, अफू आणि खसखस

२०११ च्या नोव्हेंबरात ऑनसाईटला इंग्लंडमध्ये होतो. दिवाळी नुकतीच आटपली होती आणि एका सकाळी बघतो तर ऑफिसात जो तो कोटावर लाल कागदी फूल लावून आलेला. म्हटलं, आपणही लावूया. रिसेप्शनवरच्या डब्यात एक पौंड टाकला. शेजारच्या डेस्कवरच्या चिनी मुलीने मात्र लावलं नव्हतं. "आमच्याकडे या फुलाचा अर्थ वेगळा आहे," एवढंच म्हणाली. झालं, वीकएंडचं काम मिळालं!

हे फूल पॉपीचं, म्हणजे आपल्या खसखशीच्या जातकुळीतलं. या रानपॉपीचं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं. माती उकरली, उजेड लागला की रुजतं. पहिल्या महायुद्धात फ्लँडर्सची शेतं तोफांनी उलटीपालटी झाली आणि सैनिकांच्या थडग्यांभोवती लालच लाल झालं. जॉन मॅक्रे या कॅनेडियन डॉक्टरने मे १९१५ मध्ये त्यावर कविता लिहिली. पुढे १९२१ पासून ब्रिटनमध्ये माजी सैनिकांच्या मदतीसाठी ही फुलं विकू लागले. १९३३ मध्ये सहकारी चळवळीतल्या बायकांनी पांढरी पॉपी काढली, पुन्हा युद्ध नको म्हणून.

चिन्यांना मात्र पॉपी म्हटलं की अफूची युद्धं आठवतात. २०१० साली डेव्हिड कॅमेरून हे फूल लावून बीजिंगला गेले, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी ते काढायला सांगितलं होतं. त्यांनी काढलं नाही. तसं बघितलं तर दोन्ही झाडं वेगळी, रानपॉपीतून अफू निघत नाही. पण कागदी फुलाला वनस्पतिशास्त्र कोण विचारतो?

आता खरी गोची. चीनमध्ये उतरणारी अफू यायची कुठून? एक बंगाल-बिहारची, कंपनी सरकारच्या मक्त्याची. आणि दुसरी माळव्याची, जी जायची आपल्या मुंबई बंदरातून. जमशेटजी जीजीभॉयांच्या संपत्तीत या व्यापाराचा मोठा वाटा. १८४२ मध्ये चीनवर नानकिंगचा तह लादला गेला, त्याच साली जमशेटजी 'सर' झाले. १८४५ मध्ये त्यांच्या देणगीमुळे जे. जे. रुग्णालय सुरू झालं. माझ्या आजीचं ऑपरेशन तिथेच झालं, फुकटात, आणि ती पुढे वीस वर्षं अनारशांवर खसखस थापत जगली.

सोमवारी ऑफिसात गेलो तेव्हा फूल खिशात होतं. मुंबईचं हे सगळं त्या मुलीला सांगायचं ठरवलं होतं, पण रिलीजच्या गडबडीत राहिलं. खरं सांगायचं तर गडबड तेवढी नव्हती.